सगळ्यात मोठ्या आवाजाची मशीन

भर दुपारी खाडीच्या काठावर पदर खोचून मी कुकारे मारत होते आणि आजूबाजूची माणसं हातातली कामं टाकून माझ्याकडे बघत होती. जाळं शिवणाऱ्या दोन म्हाताऱ्यांनी सुया खाली ठेवल्या. माशांची टोपली घेऊन चाललेली एक बाई तर मुद्दाम वाट सोडून जवळ आली.

"काय गो, कोण बुडलो काय?"

"कोण बुडूक नाय," मी म्हटलं. "होडयेक मशीन घेतंव."

"मशीन घेताना बोंबलूचा लागता?"

"आमच्या घरात लागता," मी म्हटलं आणि पुन्हा तोंडाला हात लावले.

खाडीच्या मध्यावर आमची होडी फिरत होती. मागच्या फळीला कुणाची तरी जुनी मशीन लटकवलेली, ती चालवत हनीफ मिस्त्री बसलेला, आणि पुढे नाळेवर माझ्याकडे पाठ करून आमचे आबा, म्हणजे माझे सासरे. माझा कुकारा ऐकू आला तर त्यांनी उजवा हात वर करायचा असं ठरलं होतं. मी सात वेळा ओरडले. हात काही वर झाला नाही.

ही गोष्ट त्र्याण्णव सालची. खाजणवाडी आणि समोरचं देऊळकाठ यांच्यामधली तर, म्हणजे माणसं खाडीपार नेणारी होडी, आबा बत्तीस वर्षं वल्ह्यांवर चालवत होते. आधी ते मासेमारीच्या मोठ्या होडीवर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके होते, म्हणून तरीवर आले तरी लोक त्यांना जगू तांडेलच म्हणत. पलीकडे माणूस आला की त्याने कुकारा मारायचा आणि आबांनी होडी सोडायची, हा रिवाज. प्रत्येकाचा कुकारा वेगळा. पोस्टमनचे दोन तुटक, देऊळकाठच्या सुईणीचा लांबलचक आणि शेवटी वर चढणारा. नुसत्या कुकाऱ्यावरून कोण आलंय ते आबा सांगत, आणि मनात आलं तर तो कशाला आलाय तेही.

त्या वर्षी पंचायतीने ठराव केला की तरीचा मक्ता यापुढे मशीनवाल्या होडीलाच. सोमवारी सरपंच स्वतः होडीत बसून बघणार होते. रमाकांत धुरीची मशीनवाली होडी आधीच तयार होती आणि तो महिनाभर लोकांना चहा पाजत होता. आमचे हे तेव्हा जहाजावर खलाशी. त्यांनी पैसे पाठवले आणि पत्रात लिहिलं, 'नवी परवडणार नाही, चांगली जुनी बघा, आबांना विचारूनच घ्या.' शेवटचे तीन शब्द त्यांनी लिहिले नसते तर बरं झालं असतं.

मक्ता गेला तर काय, याचा मी पुरता विचार केला होता. खायचे वांधे झाले नसते. पण आबा दिवसभर घरात बसले असते. गणपतीत पाच दिवस तर बंद असे, तेवढ्यात ते माझ्या चुलीतली लाकडं तीनदा नव्याने रचत, सोलकढीत मीठ किती ते सांगत, आणि कोंबड्या झोपायच्या वेळा चुकवतात म्हणून त्यांच्यावर ओरडत. त्याहून वाईट म्हणजे पाचव्या दिवशी ते अगदी गप्प होत. खाडीकडे तोंड करून पडवीत बसत आणि जेवायला दोनदा बोलवावं लागे. पाच दिवसांत ही गत, मग कायमची तर गेल्यावर हा माणूस किती टिकेल, हे मला कुणी सांगायला नको होतं. त्यामुळे सोमवारपर्यंत मशीन हवीच होती आणि आज शनिवार उजाडला होता.

होडी काठाला लागली. मशीन होती परुळेकर मास्तरांची. निवृत्त झाल्यावर मास्तरांना गरी टाकायचा नाद लागला होता आणि दोन वर्षांत मासा एकही न लागल्यामुळे तो सुटलाही होता. मशीन पोरीसारखी जपलेली. हनीफने प्लग काढून बघितला, तेल बोटावर घेऊन बघितलं. मशीन थंड ठेवणाऱ्या पाण्याची धार बाहेर पडते की नाही तेही बघून झालं होतं. हनीफ चाळीस वर्षांचा, खाडीवरच्या सगळ्या मशीनी त्याच्या हाताखालून गेलेल्या. मशीनबद्दल तो कधी खोटं बोलत नसे. बायकोशी बोले, असं तीच सांगे.

"आबांनू, डोळे मिटून घेवा," तो म्हणाला. "आवाज बघलास? मांजार घुरघुरता तसो."

"आवाज लय," आबा म्हणाले.

"हेचो?"

"तर काय माझो? माका सुनेचो कुकारो ऐकाक येवक नाय. पलतडी कोणाचा पोर तापान फणफणता, बापूस हाका मारता आणि माका ऐकाक येना नाय, तर मी कसलो तारी? मगे धुरी काय वायट?"

आबांचं म्हणणं खरं होतं आणि ते खोटं पडावं अशी आमच्यापैकी कुणाचीच इच्छा नव्हती. मास्तरांनी मात्र जाताना मला बाजूला घेऊन विचारलं की सासरेबुवा पूर्वीपासूनच असे आहेत का.

दुसरी मशीन खाडीच्या वळणावर होती. ती जरा मोठी, पण मालकाने नुकतंच सगळं काम करून घेतलेलं. पुन्हा तेच. होडी मध्यावर, हनीफ मागे, आबा नाळेवर पाठमोरे. पाठ करून बसायचा नियम आबांचाच. "डोळ्यान बघलंय तर ती परीक्षा कसली," असं त्यांनी सकाळीच सांगितलं होतं. मी घसा फाटेपर्यंत ओरडले. मालकाची म्हातारी आई बाहेर येऊन माझ्यावरून मीठमिरच्या ओवाळू का म्हणाली. आबांचा हात मांडीवरच.

"आवाज लय," काठाला लागताच आबा म्हणाले.

आता मला राग यायला लागला होता. नाचता येईना अंगण वाकडं, त्यातला हा प्रकार. म्हाताऱ्याला वल्हं सोडायचं नाही, म्हणून हे आवाजाचं निमित्त, अशी माझी खात्री पटली. वाटेत होडीत मी बोलूनही दाखवलं.

"आबा, वल्ह्यार जीव आसा तर तसा सांगा. उगाच माझो घसो कित्याक फाडतास?"

आबा वल्हं मारत होते. त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट बघितलं, मग म्हणाले, "वल्ह्याचा काय घेवन बसलंस? खांदे उतरले माझे. रात्री कूस बदलूक येना नाय. मशीन माकाच व्हयी. पण तुझो कुकारो ऐकाक येवक व्हयो." आणि वर म्हणाले, "तू बारीक आवाजात मारतंस."

हनीफ दुसरीकडे बघून हसला. मी दोन गावांना ऐकू जाईल असे कुकारे मारले होते.

तिसरी मशीन वासू गिरकराची. ती बघायला जाऊच नका, असं हनीफ सकाळपासून सांगत होता. आतून मशीन धडधाकट, पण धूर पाण्याखाली जायचा तो भाग खाऱ्या पाण्याने खाऊन भोक पडलेलं. त्यामुळे सगळा आवाज पाण्याच्या वर. वासू पहाटे मासे मारायला निघाला की वाडीतली तान्ही पोरं उठत, म्हणून वाडीनेच त्याला दुसरी मशीन घ्यायला लावली होती. पण दिवस मावळायला आला होता आणि आमच्यापाशी दुसरा इलाज नव्हता.

वासूने मशीन आणून दिली, हनीफने ती फळीला आवळली. होडी मध्यावर गेली. पाण्याची भरती संपून ओहोटी लागायच्या आधीची ती वेळ, पाणी एका जागी थांबतं तेव्हाची. वारा नव्हता. आबा नाळेवर बसले, पाठ माझ्याकडे. हनीफने चाकाला दोरी गुंडाळून हिसका दिला. मशीन एकदा फुरफुरली, धुराचा गोळा सोडला आणि गप्प झाली. मी मात्र धूर बघूनच तोंडाला हात लावला आणि सवयीने कुकारा मारून मोकळी झाले.

तो कुकारा अख्ख्या खाडीत घुमला. वासूचा कुत्रा भुंकायला लागला. पलीकडच्या काठावरून कुणीतरी उलटा कुकारा दिला. हनीफ दोरी हातात धरून वळला आणि 'अजून चालू नाही' असा हात हलवला.

आबा तसेच बसून होते. पाण्याकडे बघत होते.

मला वाटलं, मशीन बंद आहे म्हणून त्यांनी तो धरला नसेल. तरी मी पुन्हा मारला. मग तिसरा मारला, बेंबीच्या देठापासून, तसा मी जन्मात मारला नव्हता. पलीकडून आता दोघं-तिघं ओ देऊ लागले. हनीफचा हात खाली आला. तो आबांच्या पाठीकडे बघत राहिला.

आबांनी सावकाश मान वळवली, तीही माझ्याकडे नाही, हनीफकडे. थांबलेल्या पाण्यावरून त्यांचा शब्द न् शब्द मला ऐकू आला.

"अरे, चालू कर मगे. ती बिचारी वाट बघता थंय."

मी काठावर बसलेच. सगळं एकदम कळलं आणि मी किती आंधळी होते तेही कळलं. वर्षभर आबा मोठ्याने बोलत होते, ते मी वयाचा तिरसटपणा समजले. बोलताना तोंडाकडे बघत होते, ते मी संशयीपणा समजले. चुलीपाशी उभी राहून हाक मारली तर ओ देत नव्हते, पण सासरे कधी सुनेच्या हाकेला ओ देतात, म्हणून त्यात मला काही नवल वाटलं नाही. आणि तरीवर? तरीवर ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत पलीकडच्या काठावर नजर लावून बसत. माणूस दिसला की होडी सोडत आणि आपण कुकारा ऐकला असंच त्यांना वाटे. बत्तीस वर्षं कान आणि डोळे जोडीने काम करत होते. त्यातला एक गडी कधी काम सोडून गेला ते त्यांनाही कळलं नव्हतं. मशीनची थरथर बुडाखाली लागत होती आणि कुकारा येत नव्हता, म्हणून दोष मशीनच्या आवाजाला. मला रडू आलं. कुत्रा जवळ येऊन माझे पाय हुंगत होता, त्यालाही मी हाकलला नाही.

तेवढ्यात मशीन चालू झाली आणि काय सांगू, माडावरचे कावळे उठले. इतक्या लांब काठावर बसून माझ्या दातांत ती धडधड जाणवत होती. मी उठले. आबांनी वळून बघितलंच तर म्हणून तोंडाला हात लावला, पण आवाज काढलाच नाही. आबांचा हात वर झाला नाही. आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

होडी काठाला आली. आबा उतरत म्हणाले, "ही तर सगळ्यात वायट. तुझो कुकारो उगवलोच नाय."

हनीफ माझ्याकडे बघेना. मशीनचं झाकण उगाच पुसत राहिला. आबा वासूशी बोलायला पुढे गेले तेव्हा तो हळूच म्हणाला, "वैनीनू, मास्तरांची घेवा. मांजरासारी आसा. मी समजावतंय तांडेलांका."

मी पण आधी तोच विचार केला होता. पण मास्तरांची मशीन घेतली की काय होणार ते मला दिसत होतं. मशीन गरीब, आवाज कमी. पलीकडून माणसं पूर्वीसारखेच कुकारे मारणार. आबा मशीनकडे किंवा पाण्याकडे बघत असले तर ओ देणार नाहीत. एकदा होईल, दोनदा होईल. आठ दिवसांत पोस्टमन बोलेल, पंधरा दिवसांत धुरी. मग जगू तांडेल बहिरा आहे हे आबांना भर पंचायतीत कळेल, तेही धुरीच्या तोंडून.

"हीच व्हयी," मी म्हटलं.

"ही?" हनीफ म्हणाला. "अवो, ह्या होडयेत बसलेल्या माणसाक शेजारच्याचा बोलणा ऐकाक येवचा नाय."

"कोणाकच येवचा नाय ना?"

"देवाक पण नाय."

मग त्याने माझ्याकडे बघितलं, आबांकडे बघितलं आणि झाकण पुसायचं फडकं खिशात घातलं. हनीफला दोनदा सांगावं लागत नसे.

वासूला वाटलं मी भाव पाडायला आवाजाचं काढणार, म्हणून त्याने आधीच सुरुवात केली. भोक बुजवून देतो, कुडाळला एक जण जोडकाम करतो, आवाज निम्म्यावर येईल.

"हात लावू नको तेका," मी म्हटलं. "आसा तशी दे."

वासू बिचारा मशीनकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत राहिला. आपण इतके दिवस काहीतरी मौल्यवान वस्तू ओळखली नाही की काय, असं त्याला वाटलं असावं. त्याने लगेच किंमत थोडी वाढवून सांगितली.

राहिले आबा. मी त्यांच्यासमोर, त्यांना तोंड दिसेल अशी उभी राहिले.

"आबा, मशिनीचो आवाज असतलोच. एकीचो कमी, एकीचो जास्त. कुकारो काय मशिनीवर चालूचो नाय. दोनय काठांर काठी रोवूया आणि तांबडो फडको बांधून ठेवया. जेका तर व्हयी तेना फडको वर करूचो. तुमची नजर सगळ्या खाडयेत कोणाक आसा?"

आबांनी विचार केला. नजरेचं बोलल्यावर त्यांची मान जरा ताठ झाली. "नजर माझी घारीसारी," ते म्हणाले. "पण फडकोच लावचो तर मगे पयली काय वायट होती? बघूक पण बरी होती."

मी हनीफकडे बघितलं. हनीफने खाडीकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं, आणि बहुधा अल्लाची माफी मागून घेतली.

"पयलेची दोरी जड आसा, आबांनू," तो म्हणाला. "तुमच्या खांद्याक झेपूची नाय. तेल पण पांढरा झालाहा. पाणी गेला आत. म्हयन्यात बसतली."

माझ्या माहितीत मशीनबद्दल हनीफ खोटं बोलला ते तेवढंच. बिचाऱ्या मास्तरांची मशीन त्यानंतर दहा वर्षं चालली आणि दर वेळी ती दिसली की हनीफ दुसऱ्या रस्त्याने जाई.

सोमवारी सकाळी सरपंच, ग्रामसेवक, पंचायतीचे दोन सभासद आणि तक्रार असली तर तिथेच मांडता यावी म्हणून रमाकांत धुरी, असे पाच जण होडीत बसले. मी पण बसले. काठावर काठ्या आणि तांबडे फडके रविवारीच लागले होते. हनीफने आबांना त्या दिवशी दिवसभर दोरी ओढायला आणि वळवायला शिकवलं होतं. वारा, प्रवाह आणि खडक त्यांना शिकवायची गरज नव्हती.

आबांनी दोरी ओढली. सरपंचांची टोपी उडाली नाही, पण त्यांनी ती धरली. अर्ध्या खाडीत धुरी उठून उभा राहिला आणि बोट नाचवत काहीतरी सांगू लागला. बहुधा महिनाभर तयार केलेलं भाषण असावं. त्याचं तोंड हलत होतं, गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या. सरपंचांनी कानाला हात लावला आणि मान हलवली. ग्रामसेवकाने त्याला खाली बसण्याची खूण केली. धुरीने माझ्याकडे बघितलं, मी पण नम्रपणे कानाला हात लावला. पलीकडच्या काठावर सुईणीने फडका वर केला होता. तो सगळ्यांच्या आधी आबांना दिसला आणि त्यांनी होडी अशी वळवून तिच्या पायाशी लावली की तिला पाऊलभरही भिजावं लागलं नाही. उतरल्यावर पाव तासभर सगळ्यांच्या कानात नुसती भणभण. धुरी पुन्हा बोलायला लागला, तोवर सरपंचांनी सही करून टाकली होती. मक्ता आम्हाला मिळाला. विरोध झाला होता, पण तो नोंदवायला ऐकू कुणाला आला होता?

मंडळी देवळात नारळ द्यायला गेली आणि सुईणही प्रसादाला त्यांच्यामागे. परत येताना होडीत आबा आणि मी दोघंच. आबा मशीन धरून बसले होते, मी त्यांच्यासमोर. ऊन अंगावर आलं होतं. मध्यावर आल्यावर आबा काहीतरी बोलले. मला अक्षर ऐकू आलं नाही. मी भुवया उंचावल्या. ते पुन्हा बोलले. मी त्यांच्या ओठांकडे निरखून बघत राहिले, तरी काही कळेना. शेवटी मी कानामागे हात धरला आणि पुढे वाकले.

आबा माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग एक हात मशीनवर तसाच ठेवून त्यांनी तोंड माझ्या कानाशी आणलं आणि ओरडून विचारलं, "आता तुका पण ऐकाक येना नाय ना?"

मी नाही म्हणून मान हलवली. आबा इतके हसले की होडी जरा वाकडी गेली. मग डोळे पुसून त्यांनी ती पुन्हा सरळ केली.